वचनाखालचं नाव

नाना,

आज उपासना संपल्यावर नव्या पाळकसाहेबांनी मला थांबवलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "पेंटरभाऊ, हे वचन तुम्हीच लिहिलंय म्हणतात. मग खाली तुमचं नाव कसं नाही? गावातल्या बाकी सगळ्या पाट्यांवर तर असतं." मी म्हटलं, "राहून गेलं असेल." साफ खोटं. त्यांना खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकायचा हक्क ज्यांचा होता ते तुम्ही धुळ्याच्या मातीत झोपून इतकी वर्षं झालीत. म्हणून घरी येऊन कागद घेतला. बोर्ड लिहिणाऱ्याला कागदावर लिहिणं अवघडच जातं. अक्षर बारीक काढावं लागतं, आणि ओळ कशी उतरली ते मागे सरकून बघता येत नाही.

माझा गर्व तुम्हाला ठाऊक होता, पण तो कुठून आला हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. माझा बाप यावलकडे दुसऱ्यांच्या बागांमधून केळीचे घड खांद्यावर वाहायचा. केळीच्या चिकाचे काळे डाग त्याच्या सदऱ्यावरून कधी गेले नाहीत. बागेचा मालक त्याला नावाने हाक मारायचा नाही, "ए, इकडे" म्हणायचा. बापाचं नाव कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. मी शहरात आलो तेव्हा एकाही पेंटरने मला हाताखाली घेतलं नाही. एक जण तर म्हणाला, "रंगाच्या डब्याला हात लावू नको, लांबून बघ." मग मी लांबूनच बघितलं. भुसावळच्या फलाटावर उभा राहून स्टेशनच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर नजरेने मापलं, भ-ची गाठ केवढी, स-चा दांडा कुठे टेकतो, शिरोरेघेची जाडी अक्षराच्या जाडीपेक्षा किती कमी. घरी येऊन पत्र्याच्या तुकड्यावर कोळशाने काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. असा मी शिकलो. जळगावात माझं दुकान झालं, मारवाडी शेठजींच्या कापडदुकानांच्या पाट्या, जिनिंगच्या फाटकावरची नावं, केळीच्या अडत्यांचे बोर्ड, सगळं माझ्याकडे यायला लागलं. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली, बोटभर उंचीच्या अक्षरात, मी माझं नाव टाकायचो. सगळेच पेंटर टाकतात. पण बाकीच्यांची ती जाहिरात असते. मी ते नाव टाकताना श्वास रोखून धरायचो.

मिशनचे गोरे साहेब लोक मायदेशी परतायला लागले होते आणि मंडळीचा कारभार आपल्या माणसांच्या हाती येत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. तुम्ही आमचे पाळक होता. नाताळच्या आधी चर्चला चुना लागला आणि तुम्ही मला बोलावून म्हणालात, "समोरची भिंत मोकळी दिसते. तारणाचं वचन लिही तिथे." बायबलमधलं तुमचं आवडतं वचन. तारण फुकट मिळतं, देवाच्या कृपेने मिळतं, माणसाच्या कर्तबगारीने नाही, म्हणजे कोणाला फुशारकी मारायला जागा उरत नाही, असं सांगणारं. मी किती मन लावून केलं ते काम! भिंतीचा सैल चुना खरवडला, अळशीच्या तेलात सफेदा कालवून अस्तर दिलं, खडूचा दोरा मारून रेघा पाडल्या. शेवटच्या ओळीत अक्षरं जास्त होत होती, ती दाटीवाटीने न कोंबता बसवायला मला दोनदा पुसून मांडावी लागली. काळा रंग असा सपाट बसला की जवळून पाहिलं तरी ब्रशचा फराटा दिसू नये. आणि काम संपल्यावर हात आपोआप उजव्या कोपऱ्यात गेला. पेंटर, पुढे माझं नाव, पुढे जळगाव. फुशारकीला जागा नाही असं सांगणाऱ्या वचनाच्या बरोबर खाली. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते हाताचंच काम होतं, डोक्यापर्यंत गेलंच नाही.

रविवारी मात्र लोकांच्या डोक्यापर्यंत बरोबर गेलं. आपले ते रेल्वेचे पेन्शनर गार्डसाहेब, पुरुषांच्या सतरंजीवर नेहमी पुढे बसायचे, उपासना संपताच मोठ्याने म्हणाले, "काय पेंटर, हे वचन देवाचं की तुमचं? सही तर तुमची दिसतेय!" सगळे हसले. बायकांच्या बाजूनेही कोणीतरी म्हणालं, "बठ्ठा तारननं काम यान्हाच हातनं शे व्हय!" तारणाचं सगळं काम याच्याच हातचं म्हणे! पुन्हा हसू. मी पण हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही.

संध्याकाळी तुम्ही बोलावणं धाडलंत. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलो होतो, तुमच्या सौभाग्यवती, आमच्या अक्का, चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होत्या, आणि तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ लावून दुखरा गुडघा लांब करून बसला होता. मला वाटलं होतं तुम्ही रागावाल. तुम्ही विचारलंत, "हे लिहायला कोणी शिकवलं रे तुला?"

"कोणी नाही. माझा मी शिकलो."

"बरं. असं एक तरी काही सांग, जे तुला कुठून मिळालेलं नाही."

मी विचार करून म्हटलं, "माझा हात."

"तो कुठून आला?"

"आईकडून."

"मग आईचं नाव लिहायचंस!"

अक्का तव्याकडे तोंड करून हसल्या. मला राग आला. मी म्हटलं, "नाना, तारण म्हणजे देवाने सोडलेला दोर, असं तुम्हीच सांगता. विहिरीत पडलेल्याला दोर धरावा तर लागतो ना? ते तरी त्याचंच कसब की नाही?" तुम्ही म्हणालात, "बुडणाऱ्याची मूठ आपोआप मिटते बाबा. वर आल्यावर कोणी सांगत सुटत नाही की मी दोर किती झकास धरला." मग मी ते बोललो, जे बरेच दिवस माझ्या मनात होतं. "नम्र व्हा, नम्र व्हा, हे कोणाला सांगता? माझा बाप जन्मभर नम्रच होता. नम्र राहून राहून त्याची पाठ वाकली. आमच्या घरात पहिलं नाव भिंतीवर लागलं ते हे. तेही पुसू?"

तुमचे वडीलही तसलेच, दुसऱ्याच्या शेतात राबलेले, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तो घाव तिथे घातला होता. अक्कांनी भाकरी उलटली. मग तुम्ही म्हणालात, "तुझ्या बापाला लोकांनी वाकवलं. ते वाकणं देवाने कधी मागितलं नव्हतं. म्हणून सांगतो, ते नाव मी पुसणार नाही आणि दुसऱ्या कोणाला पुसू देणार नाही. दुसऱ्याने पुसलं तर ते तुझ्या बापासारखंच होईल. पुसायचं तर तू पुस. नाही पुसलंस तरी तू माझाच आहेस." आणि अक्कांना म्हणालात, "याला भाकर वाढ, दुपारचा उपाशी दिसतो." मी जेवलो नाही. "दुकानात काम आहे" म्हणून उठलो.

पुढच्या रविवारपासून तुम्ही तुमची जागा बदललीत. आधी तुम्ही मधल्या मेजापाशी उभे राहायचात, डावा हात मेजाच्या कडेवर टेकून. आता मेज सोडून उजवीकडे सरकलात, भिंतीच्या कोपऱ्यात, बरोबर माझ्या नावापुढे. पहिलं गीत सुरू होण्याआधीच तिथे जाऊन उभे राहायचात आणि लोक बाहेर पडेपर्यंत हलायचा नाहीत. तुमच्या खांद्यामागे माझं नाव पूर्ण झाकून जायचं. एका रविवारी झालं, दुसऱ्या रविवारी झालं. मी सरळ विचारलं, "नाना, मेज सोडून कोपऱ्यात का उभे राहता?" तुम्ही म्हणालात, "इथे उजेड चांगला येतो." चर्चमधला सगळ्यात अंधारा कोपरा तो! उजेड आणि अंधार मला शिकवता? माझा धंदाच त्याच्यावर चालतो. मी मनाशी पक्कं केलं, या माणसाला माझ्या नावाची लाज वाटते. तोंडाने म्हणतो पुसणार नाही, आणि अंगाने पुसतो.

त्या दिवसापासून मी तुमच्या हातची प्रभूभोजनाची भाकर घेतली नाही. ज्याने माझं नाव झाकलं त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, असा माझा हट्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी, भोजनाची वेळ आली की मी उठून बाहेर जायचो आणि सायकलपाशी उभा राहायचो. खिडकीतून आतलं दिसायचं. तुम्ही ताट हातात घ्यायचात, उपकार मानण्याआधी एकदा दाराकडे बघायचात, थोडे थांबायचात. मग भाकर मोडायचात. हे तुम्ही किती वर्षं केलंत! मला कधी बोलावलं नाही, कधी टाकूनही दिलं नाही. माझं एक पाऊल आत पडावं एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि तेवढंच मी दिलं नाही.

तुम्ही सेवेतून निवृत्त होऊन आपल्या गावी धुळ्याला परत निघालात त्या दिवशी मी एसटी स्टँडसमोर शिडीवर चढून एका हॉटेलची पाटी लिहीत होतो. मंडळीने तुम्हाला निरोप दिला त्याला मी गेलो नव्हतो. खाली टांगा थांबला. ट्रंक, वळकटी, अक्कांच्या मांडीवर तुळतुळीत घासलेला हंडा. तुम्ही टांग्यातून उतरून शिडीपाशी आलात आणि वर तोंड करून म्हणालात, "उतरतोस का जरा?"

मी म्हटलं, "रंग वाळेल, नाना."

तुम्ही हसलात. "बरं बाबा. सलाम."

"सलाम," मी वरूनच म्हटलं. तुमच्या टोपीचा वरचा भाग उन्हाने विटला होता, तेवढं मात्र मी वरून अगदी बारकाईने पाहिलं. ते आपलं शेवटचं बोलणं.

नंतर राज्य वेगळं झालं. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं मुंबई पुसून महाराष्ट्र लिहायचं काम निघालं, आणि मला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. त्याच दिवसांत धुळ्याहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर, आपल्याच मंडळीतला, दुकानापाशी थांबून म्हणाला, "नानांचं काही खरं नाही. अंथरुणाला खिळलेत. तुझं विचारत होते." मी म्हटलं, "एवढ्या पाट्या उरकतो नि जातो." त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाट्या काय पळून जाणारेत का?" पाट्या पळून गेल्या नाहीत. मी एक संपवली, दुसरी घेतली. एकच सांगतो नाना, कामाचं फक्त निमित्त होतं. तुमच्या उशाशी बसल्यावर तुमच्या हातून काही घ्यावं लागेल, याची मला भीती होती.

मी निघालो तेव्हा पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली, आणि मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून, तुम्हाला काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. धुळ्यात पोचलो तर अक्का अंगणात एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, बस. तुम्हाला मूठमाती देऊन झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, वाट बघता येत नव्हती, असं त्या मलाच समजावल्यासारखं बोलत राहिल्या. भिंतीला एक लाकडी क्रूस टेकवून ठेवला होता, डांबर लावलेला, कोरा. त्या म्हणाल्या, "नाव तूच लिख. दुसराकडथून लिखाडाव नही मी."

मी लिहिलं. पांढऱ्या रंगात, आडव्या लाकडावर. तुमचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होतो. लिहून झालं आणि हात, मेला हात, खाली उजव्या कोपऱ्याकडे सरकला. तिथेच थांबला. अक्कांनी ते पाहिलं होतं.

"कर ना सही," त्या म्हणाल्या. "त्यास्ले चालतं."

मी मान हलवली. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "त्यांना कसं चालेल अक्का? जन्मभर माझ्या नावापुढे उभे राहिले ते. लाज वाटायची त्यांना."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो होतो. "अरे येडा," त्या म्हणाल्या, "लोके तुले हासेत, म्हनीसन त्या तठे उभा राहेत. नाव दिखालेच नको, आनि कोन्ही हासालेच नको. मेजना टेका सोडीसन उभा राहेत, नि रातले मी गुडघा शेकी देऊ. मी म्हनू, सांगी द्या ना त्याले. त्या म्हनेत, सांगं तर त्याले आखो लाज वाटी."

ब्रश माझ्या हातात वाळून गेला. खरंच वाळला, नाना. रंग वाळेल म्हणून मी शिडीवरून उतरलो नव्हतो. देव माणसाचं पाप झाकतो, हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी मनात म्हणायचो, झाकतो म्हणजे नेमकं कसं, हे कोणी नीट सांगत नाही. तुम्ही तर दर रविवारी ते माझ्यासमोर उभं राहून करत होता, दुखऱ्या पायावर. मी खिडकीतून बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. मी, ज्याला अक्षराचा केसाएवढा वाकडेपणा दिसतो.

जळगावला परतल्यावर आठवड्याच्या मधल्या एका दुपारी मी चर्च उघडून घेतलं. पत्र्याच्या धारेने नाव खरवडलं. तेलाचा रंग चुन्यात मुरलेला, वरवर निघत नव्हता, खोल जावं लागलं. खड्डा पडला त्यात लांबीचा लगदा भरला, घासून सपाट केला. नुसता सफेदा लावला असता तर नवा पांढरा चौकोन उठून दिसला असता, म्हणून जुन्या भिंतीच्या रंगाशी जुळवायला त्यात चिमूटभर पिवडी आणि काजळीचा एक थेंब मिसळला. झाल्यावर सवयीने मागे सरकलो, डोळे बारीक केले, बघितलं. जोड कुठे दिसत नव्हता. आणि नाना, मला झकास वाटलं. मनात आलंच, असं पुसणं जळगावात दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. मग मान वळवून दाराकडे बघितलं, कोणी पाहिलं का.

दारात कोणी नव्हतं. मी तिथेच उघड्या फरशीवर खाली बसलो. पुसण्याचीही मी पाटीच केली होती. नम्र व्हायलाही माझा हात सफाईदार हवा होता. देवापुढे ठेवायला माझ्याजवळ तेव्हा काही उरलं नाही, पुसलेलं नावसुद्धा नाही, कारण त्याच्यावरही मी सही करून बसलो होतो. तारण फुकट का द्यावं लागतं, हे मला त्या फरशीवर कळलं. माझ्यासारख्याला ते विकत दिलं असतं तर मी त्याचीही पावती भिंतीवर रंगवली असती. किती वेळ बसलो, सांगता येत नाही. प्रार्थना केली असं म्हणणार नाही. नुसता बसलो, आणि उठताना पहिल्यांदाच काम किती चांगलं झालंय ते वळून बघितलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बाहेर गेलो नाही. तुमच्या जागी आलेल्या पाळकांच्या हातून भाकर घेतली. गार्डसाहेबांनी पाहिलं आणि माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तेव्हापासून एकही भोजन चुकवलं नाही. गर्व गेला असं समजू नका, तो अजून आहे, पाट्यांच्या कोपऱ्यात मी अजून नाव टाकतो, आणि बापाच्या आठवणीने टाकतो म्हणून त्याची मला लाज वाटत नाही. देवापुढे मात्र ते नेत नाही. एवढा फरक तुम्ही केलात.

हे पत्र मी कुठे टाकणार? घडी घालून रंगाच्या कपाटात ठेवीन. एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. भाकर घेताना मी डोळे घट्ट मिटतो. मंडळीला वाटतं, पेंटर फार भक्तिभावाने घेतो. तसं काही नाही, नाना. देणारा हात तुमचा नाही, हे दिसू नये म्हणून मिटतो.